चार मीटरचं अंतर

आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबा पुण्याला गेले होते, म्हणून त्या रविवारी बडोद्याच्या सयाजीबागेत आई आणि मी दोघीच होतो. डिसेंबरची सकाळ. विश्वामित्री नदीवरचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. काळा घोड्याच्या बाजूनं आत शिरून आम्ही बँडस्टँडकडे निघालो. मी शाळेतलं काहीतरी सांगत होते. थोड्या वेळानं जाणवलं की हुंकार येत नाही. वळून पाहिलं तर आई पंधरा-वीस पावलं मागे होती. माझ्याकडे बघून ती हसली आणि हातानं 'तू हो पुढे' अशी खूण केली.

मी तिथेच उभी राहिले. ती जवळ येईपर्यंत तिचं चालणं बघत राहिले. बऱ्याच वर्षांनी मी आईला समोरून चालत येताना बघत होते.

सहा वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून तिघं फिरायला निघालो की सावकाश चालायचं, हे आमच्यात न बोलता ठरून गेलं होतं. बाबांना दम लागू नये म्हणून. मी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, मध्ये बाबा. काळजी सगळी मधल्या माणसाची. त्यांचा चेहरा, त्यांचा श्वास, खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी. त्या रविवारी बाबा दीडशे कोसांवर होते आणि तरीही आमची फेरी तेवढ्याच वेळात झाली. उलट पाच मिनिटं जास्तच लागली, कारण आई दोनदा बाकावर बसली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंतर भागिले वेळ हे सूत्र मी वीसएक वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. आगगाडी, सायकलस्वार, नदीतली होडी, सगळ्यांचे वेग मुलांकडून काढून घेतले. आईचा वेग काढावा असं कधी मनात आलं नव्हतं.

आई-बाबा दांडिया बाजारात राहतात. जुना वाडा पाडून जी इमारत उभी राहिली, तिच्यात पहिल्या मजल्यावर. घरात पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांबट बोळ आहे. बागेतून आल्यावर आईच्या शिवणाच्या टेपनं मी त्या बोळात चार मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना खडूच्या रेघा ओढल्या. चार मीटर असं ठरवण्याचं कारण म्हणजे मागे एकदा वाचलेलं डोक्यात होतं. म्हाताऱ्या माणसांची तपासणी करताना एवढंच अंतर चालायला लावतात. रेघेच्या थोडं अलीकडून निघायचं, दुसरी रेघ ओलांडून थोडं पुढे जायचं, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबतानाचा रेंगाळलेपणा मोजणीत येत नाही. धावायचं नाही, घाई करायची नाही, नेहमीसारखं चालायचं. मी आईला म्हटलं, "आई, तू खंडेराव मार्केटला भाजी आणायला निघालीस की कशी चालतेस, तशी चाल."

तिला ६.४ सेकंद लागले. पुन्हा चालायला लावलं, तेव्हाही ६.४. पावलं नऊ.

चार भागिले ६.४ म्हणजे सेकंदाला ०.६२ मीटर. हा आकडा मी मोबाइलवर तीनदा तपासला. तोंडी गणित होतं, चुकायचा प्रश्न नव्हता. तरी तपासला.

त्या रात्री मी बसून वाचत राहिले. २०११ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात स्टेफनी स्टुडेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला होता. नऊ वेगवेगळ्या अभ्यासांतली माहिती त्यांनी एकत्र केली. ६५ वर्षांवरची, आपापल्या घरी राहणारी ३४,४८५ माणसं. त्यांचा चालण्याचा वेग आधी मोजून ठेवलेला होता आणि नंतर ६ ते २१ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. त्यातून निघालं ते असं: वेग सेकंदाला दर ०.१ मीटरनं जास्त, की मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी. ज्यांचा वेग ०.८ मीटरच्या आसपास, त्यांचं आयुष्य त्या वयाच्या सर्वसाधारण माणसाएवढं. १ मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर सरासरीपेक्षा जास्त जगण्याचा संभव. वय, स्त्री की पुरुष आणि चालण्याचा वेग, एवढ्या तीन गोष्टींवरून जो अंदाज येतो, तो जुनी दुखणी, रक्तदाब, वजन, धूम्रपान असं सगळं विचारून केलेल्या अंदाजाइतकाच बरोबर ठरत होता. ७५ वर्षांच्या बायकांमध्ये पुढची १० वर्षं जगण्याची शक्यता सगळ्यात हळू चालणारीला ३५ टक्के आणि सगळ्यात भरभर चालणारीला ९१ टक्के.

आईला त्याच महिन्यात ७५ वं लागलं होतं.

त्या रात्री झोप कशी आली नाही हे सांगत बसत नाही. सकाळी उठल्यावर एक गोष्ट मात्र मी स्वतःला बजावली, आणि आजही बजावते. हे आकडे हजारोंच्या घोळक्याचे आहेत, एका बाईचे नाहीत. वेग कमी म्हणून माणूस जात नाही. आत कुठेतरी काहीतरी कमी पडत असतं, म्हणून वेग कमी होतो. ताप हा जसा रोग नसतो, तसंच हे. ताप आला की आपण कशाचा ताप ते शोधतो. अमेरिकेतल्या दोन फिजिओथेरपिस्टनी २००९ साली चालण्याच्या वेगाला नाडी, ताप, रक्तदाब यांच्या पंक्तीत बसवलं आणि सहावी प्राणखूण म्हटलं, ते याच अर्थानं.

चालण्यात आत काय काय चालतं हे वाचत गेले, तशी मी थक्क होत गेले. पाऊल टाकायचं तर पोटरीनं टाच उचलून जमिनीला रेटा द्यावा लागतो. त्या क्षणी सगळं अंग एका पायावर असतं, आणि कंबर एका बाजूला कलू नये म्हणून नितंबाचे स्नायू तिला धरून ठेवतात. तळव्याखाली फरशी आहे की सतरंजी, घोटा किती वाकला आहे, याची खबर मज्जातंतू पाठीच्या कण्यातून वर पोचवत असतात. कानाच्या आतला तोल, डोळ्यांचा अंदाज, मेंदूच्या मागच्या भागातला ताळमेळ, पुढच्या भागातलं लक्ष. या सगळ्यांना रक्त पुरवणारं हृदय आणि प्राणवायू पुरवणारी फुप्फुसं. यातलं एक थोडं ढिलं पडलं, तर बाकीची सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम ढिली पडली, की शरीर न सांगता वेग उतरवतं. रक्ताच्या एका तपासणीत एका अवयवाची खबर कळते. चार मीटर चालण्यात सगळ्या घराची कळते.

आणि ही खबर आमच्या घरात रोज, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरत होती. ती कुणाला का दिसली नाही, या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त छळलं.

याचं एक उत्तर मला बाबा परत आल्यावर मिळालं. ते आले त्याच संध्याकाळी मी त्यांनाही त्या रेघांमधून चालायला लावलं. ७८ वर्षं वय, हृदयात स्टेंट, आणि ३.९ सेकंद. मीटरहून थोडा जास्तच वेग. मग दोघांना बरोबर चालायला सांगितलं. ६.२ सेकंद. बाबांची तीच पावलं आखडली होती. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

ते झोपाळ्यावर बसत म्हणाले, "माहीत काय असायचं त्यात? तिच्याबरोबर चालायचं म्हणजे तेवढंच चालायचं."

आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

बरोबर चालणारा माणूस आपसूक पाऊल आखडतं घेतो. त्याला ते कळतही नाही. प्रेमच ते, पण त्यामुळे सगळ्यात जवळचा माणूसच सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार होतो. आम्ही तिघं एकमेकांशी जुळवून घेत घेत इतक्या हळूहळू मंदावलो की मंदावलोय हे सांगायला मागे कुणी उरलंच नाही. बाबांसाठी हळू चालतोय असं मला वाटत होतं. बाबा आईसाठी हळू चालत होते. आणि आईकडे कुणी बघतच नव्हतं, कारण ती नेहमीच थोडी मागे असायची. लग्नापासून. आमच्या ओळखीच्या तिच्या वयाच्या कितीतरी बायका नवऱ्याच्या दोन पावलं मागेच चालत आल्या आहेत. ती दोन पावलं चार कधी झाली, चारची दहा कधी झाली, कोण मोजणार?

दुसरं म्हणजे, आई दिवसभर पायांवर असते. असं म्हणत आम्ही सगळेच समाधान मानत होतो. तिला वेगळा व्यायाम कशाला? पण घरातलं चालणं मी एक दिवस नीट पाहिलं. ओट्यापासून फ्रिज तीन पावलं. फ्रिजपासून देवघर सात. देवघरापासून गॅलरी, कपडे काढले, परत. सरळ रेषेत दहा पावलांच्या वर ती कुठे चालतच नव्हती. प्रत्येक वेळी थांबणं, वळणं, हात ओट्याला टेकवणं. थकवा भरपूर आणि पायांना जोर लावायची वेळ मात्र एकदाही नाही. घरकामानं दमणं आणि पायांनी तयार राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आपल्या आयांबद्दल हे कळायला इतका उशीर व्हायला नको होता.

तिसरं कारण लिहिताना अजूनही राग येतो. आईला मधुमेह आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही तिला दाखवायला नेत होतो. साखर, रक्तदाब, वजन, वर्षातून एकदा डोळे. फाइल जाडजूड. पण अकरा वर्षांत तिथे एकदाही कुणी तिला 'दारापर्यंत जाऊन या' म्हटलं नाही. ती रिक्षातून उतरायची, बाकावर बसायची, बाकावरून उठून टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायची. आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचो, "चालतात की, रोज बागेत जातात."

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी आकडे लिहून नेले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी आईला चालायला लावलं. उभं राहून डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा आई हलली आणि त्यांनीच तिला धरलं. मग खणातून एक ट्युनिंग फोर्क काढला, वाजवला की थरथरणारा धातूचा काटा. १२८ हर्ट्झचा. आवाज कसा निर्माण होतो ते मुलांना दाखवायला माझ्या शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो त्याच जातीचा. तो वाजवून त्याचा दांडा आईच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "काय वाटतंय?" आई म्हणाली, "गार लागतंय." थरथर तिला जाणवतच नव्हती. तोच फोर्क त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला, आणि ती गुणगुणती थरथर हाडात शिरली तेव्हा आईला काय कमी झालंय ते मला कुठल्याही पुस्तकाशिवाय समजलं.

ब १२ खूप कमी निघालं. आमच्याकडे मांस-मासे नाहीत, अंडीही नाहीत. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच काय मिळेल तेवढं. उतारवयात पोटात ते शोषलं जाण्याचं प्रमाणही घटतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर आणखी घटतं. ते कमी पडलं की मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, आणि पाय कुठे टेकला ही खबर वर पोचायला अडखळते. मेंदूला पायांचा भरवसा वाटेनासा होतो. मग तो नजर खाली लावतो, पावलं लहान करतो, वेग उतरवतो. आई दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरली होती. लागलं नाही, म्हणून आम्ही विसरलो. तिचे पाय विसरले नव्हते.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. बाजारात चालताना बोलायचं झालं की आई थांबायची. मंगळबाजारात भर गर्दीत उभी राहून वाक्य पुरं करायची, मगच पुढे. आम्हाला ती तिची बोलण्याची लकब वाटायची. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच टिपलं होतं. चालता चालता कुणी बोलायला लागलं की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. चालणं आपोआप होत असतं तोवर तोंड मोकळं असतं. चालण्याकडेच सगळं लक्ष द्यावं लागायला लागलं की बोलण्याला जागा उरत नाही. म्हणजे सयाजीबागेत मी बडबडत होते आणि हुंकार येत नव्हता, तेव्हा आई माझं ऐकत नव्हती असं नाही. ती पाय टाकत होती.

सिडनीतल्या काही संशोधकांनी २०११ साली ७० वर्षांवरच्या १,७०५ पुरुषांच्या चालण्याच्या नोंदींवरून मृत्यूचा स्वतःचा वेग काढला होता. म्हणजे कोणत्या वेगाच्या खालची माणसं त्याच्या हाती जास्त लागतात, ते. उत्तर आलं सेकंदाला ०.८२ मीटर, तासाला जेमतेम तीन किलोमीटर. आणि जी माणसं १.३६ मीटर किंवा त्याहून भरभर चालत होती, त्यांच्यातला एकही जण त्या पाहणीच्या काळात त्याच्या हाती लागला नाही. त्यांनी ते एका वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळच्या अंकासाठी थोडं खेळकरपणे लिहिलं असावं. मी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रेडा आला. आणि रेड्याच्या मागून चालणारी सावित्री. महाभारतात यम तिला परत जा, परत जा म्हणतो. तेव्हा ती त्याला सांगते, सात पावलं बरोबर चाललं की मैत्र जडतं असं जाणते म्हणतात, त्या मैत्रीच्या जोरावर मी बोलते आहे. आई दर वटपौर्णिमेला ती कथा वाचते. मी इतकी वर्षं ऐकली ती सावित्रीच्या बोलण्याच्या चातुर्यासाठी. पण ती चालते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीन दिवसांचं उभ्याचं व्रत, पोटात अन्न नाही, आणि तरी ती यमाच्या बरोबरीनं चालत राहते, चालता चालता बोलत राहते, न थांबता.

आईला इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषधानं तंतू सुधारतील तितके सुधारतील, मांड्यांमध्ये जोर इंजेक्शननं येत नाही. त्यासाठी घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. गुजरातीच बोलायची. आईला खुर्चीत बसवायची, हात छातीशी बांधायला लावायची आणि म्हणायची, "बा, हजी एक वार," म्हणजे अजून एकदा. हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. पहिल्या दिवशी आईला तीनदा जमलं, आणि चौथ्यांदा अर्ध्यावरून ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नव्हे. इतकी वर्षं आपण उठतो तेव्हा हातांनी स्वतःला ओढून काढत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं म्हणून.

बाबा बघत होते. म्हणाले, "अगं, ही तर बैठकच आहे." आणि खरंच, ती बैठकच आहे. अर्धी बैठक. आमच्या घरापासून जुम्मादादा व्यायाम मंदिर जवळच. बाबा लहानपणी तिथे जायचे. प्रोफेसर माणिकरावांचा तो आखाडा. बडोद्याच्या मराठी घरांत अजूनही माणिकराव हे नाव आदरानं घेतलं जातं. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं जगन्नाथ गणेश गुणे हा डभोईत जन्मलेला तरुण माणिकरावांच्या हाताखाली घडला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली. शरीराकडे शास्त्राच्या नजरेनं बघायची एवढी मोठी परंपरा चार गल्ल्यांवर असलेल्या आमच्या घरात एक बाई हात टेकवून उठत होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आखाडा पुरुषांचा, बागेतली फेरी हृदयाच्या पेशंटची, आणि आईच्या वाट्याला हळदीकुंकू. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती, म्हणून ती मोडायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

या वयात स्नायू पुन्हा भरतात का? मला शंका होती. मग १९९० सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. मारिया फियातारोने यांनी बॉस्टनमधल्या एका वृद्धालयातल्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा, वजन उचलण्याचा जोरकस व्यायाम करून घेतला होता. त्या माणसांचं वय होतं नव्वदच्या आसपास. मांडीचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, आणि एका रेषेत पावलं टाकत चालण्याचा वेग जवळजवळ निम्म्यानं. मी ते वाचून आईला दाखवलं. तिनं विचारलं, "नव्वदी? आणि वजन उचलून?" दुसऱ्या दिवशी तिनं सहा वेळा केलं. २०१४ साली अमेरिकेतच १,६३५ वृद्धांवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. वय ७० ते ८९, सगळे बैठ्या सवयीचे. अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ४०० मीटर चालणं अशक्य झालेल्यांचं प्रमाण, ज्यांना चालणं, जोर आणि तोल यांचा नेमानं व्यायाम दिला त्यांच्यात ३०.१ टक्के होतं, ज्यांना फक्त आरोग्याची माहिती दिली त्यांच्यात ३५.५. फरक थोडका आहे. पण ज्या घरातल्या माणसाचे पाय त्या फरकात वाचतात, त्या घराला तो थोडका नसतो.

बागेतलं चालणंही आम्ही बदललं. आधी सगळी फेरी एकाच संथ चालीनं व्हायची. आता दोन विजेच्या खांबांमधलं अंतर भरभर, पुढचं सावकाश, पुन्हा भरभर. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. बाबा पुढे चालतात. मी त्यांना मुद्दाम पुढे चालायला सांगितलं आहे. सुरुवातीला त्यांना ते जड गेलं. दर खांबापाशी ते थांबून मागे बघायचे. पुढे आईच म्हणाली, "तुम्ही चला हो, मी येते."

रस्ता ओलांडणं अजून अवघड आहे. सिग्नलचं गणित कुठल्या पायांना धरून केलं जातं, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. इंग्लंडमध्ये २०१२ साली ते सेकंदाला १.२ मीटर धरलेलं होतं. त्याच साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ६५ वर्षांवरचे ७६ टक्के पुरुष आणि ८५ टक्के बायका एवढ्या वेगानं चालतच नाहीत. तिथे जर ही गत, तर काळा घोड्याच्या चौकात, जिथे दिवा हिरवा व्हायच्या आधीच स्कूटरी सुटतात, तिथे आईनं काय करावं? मी तिच्या उजव्या हाताला राहते आणि हात वर करून चालते.

स्वतःचा वेगही मोजला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. ती ४५ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या ९०४ जणांचं चालणं मोजलं. जे हळू चालत होते, त्यांची फुप्फुसं, दात, प्रतिकारशक्ती सगळंच बरोबरीच्यांपेक्षा अधिक जून झालेलं होतं. इतकंच नाही, तीन वर्षांचे असताना त्यांच्या मेंदूच्या ज्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांच्याशीही हे जुळत होतं. म्हणजे हे म्हातारपणी सुरू होणारं प्रकरण नाही. ती माणसं माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. माझे ३.१ सेकंद आले. ठीक आहेत. पण आता दर वाढदिवसाला मोजणार आहे, कारण आईचा पन्नाशीतला आकडा आज कुणाकडेच नाही, आणि तो असता तर तिची उतरण किती वर्षांची होती हे तरी कळलं असतं.

माझ्या मैत्रिणींना मी हल्ली हे सांगत सुटते. घरातल्या मोठ्यांचं चालणं एकदा बाजूला उभं राहून बघा, बरोबर चालून नको. चार मीटरला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील तर डॉक्टरांना तो आकडाच सांगा. पूर्वी चालायचे आणि गेल्या काही महिन्यांत एकदम मंदावले असं असेल तर अजिबात थांबू नका. आणि कृपा करून त्यांना 'भरभर चाल गं' असं ओरडू नका. माझ्याकडून तसं बोललं गेलेलं आहे, रिक्षा थांबलेली असताना, लग्नाला उशीर होत असताना. तेव्हा आई काही बोलली नव्हती. नुसती हात धरायला कुणी आहे का ते बघत होती.

खडूच्या रेघांची जागा आता चिकटपट्टीनं घेतली आहे. कामाला येणाऱ्या बेन लादी पुसताना तेवढ्या दोन पट्ट्या सांभाळून पुसतात. दर रविवारी मी मोजते आणि आई आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली. जानेवारीत ६.१. मग ५.८. मग दोन रविवार सर्दी-खोकला, ६.०. फेब्रुवारीच्या शेवटी ५.३. मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या आणि एका रविवारी मला जाता आलं नाही. बुधवारी गेले तेव्हा सवयीनं कॅलेंडर पाहिलं. रविवारचा चौकोन भरलेला होता. समोरच्या घरातल्या सातवीतल्या मुलाला बोलावून, त्याच्या हातात मोबाइल देऊन आईनं मोजून घेतलं होतं. 'दूध २' च्या खाली तिच्या अक्षरात ४.६, आणि त्याच्या बाजूला, चौकोनात मावत नव्हतं म्हणून थोडं तिरकं, 'पावलं सात'.